हातउसन्या रकमेच्या वसुलीचा दावा: तीन वर्षे नेमकी कधीपासून मोजायची?

मितभाषी:
१० ऑगस्ट २०२२ रोजी मी एका परिचितांना तीन लाख रुपये हातउसने दिले. रक्कम बँकेतून वर्ग केली, पण लेखी करार केला नाही. परतफेडीची तारीखही ठरली नव्हती, 'मागाल तेव्हा देतो' एवढेच बोलणे झाले. ५ मार्च २०२४ रोजी त्यांनी स्वतःच्या सहीचा पन्नास हजारांचा धनादेश दिला आणि तो वटला. बाकीसाठी जुलै २०२५ मध्ये वकिलामार्फत नोटीस पाठवली, तिला उत्तर आलेले नाही. काहींच्या मते दाव्याची मुदत संपली. काहींच्या मते नोटिशीपासून तीन वर्षे धरायची. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

कोर्टपायरी:
नोटिशीने मुदत वाढत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी चांगले दावे बुडतात. मुदत कायदा, १९६३ च्या अनुसूचीतील अनुच्छेद १९ आणि २१ पाहा. उसनी दिलेली रक्कम 'मागाल तेव्हा परत' या बोलीवर दिली असली, तरी तीन वर्षे मागणीपासून नव्हे, रक्कम दिल्यापासूनच मोजतात. त्या हिशेबाने आपली मूळ मुदत ऑगस्ट २०२५ मध्येच संपते.

सरळवाट:
मुदत संपली असली तरी विलंब माफीचा अर्ज जोडून दावा दाखल करता येईल ना? अपिलात असे अर्ज मंजूर झालेले पाहिले आहेत.

कोर्टपायरी:
अपिलात होतात, दाव्यात नाही. विलंब माफ करण्याची कलम ५ ची तरतूद अपिले व अर्ज यांच्यापुरतीच आहे. शिवाय कलम ३ प्रमाणे प्रतिवादीने हरकत घेतली नाही, तरीही मुदतबाह्य दावा न्यायालयाला फेटाळावाच लागतो.

मात्र आपल्या प्रकरणात धनादेश महत्त्वाचा आहे. मुदत चालू असताना कर्जापोटी काही रक्कम चुकती झाली आणि त्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात असली, तर कलम १९ नुसार त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. म्हणजे ५ मार्च २०२७ पर्यंत दावा करता येईल, असे माझे मत आहे. तो धनादेश वेगळ्याच व्यवहाराचा होता, असा बचाव ते घेतील. म्हणून तो याच कर्जापोटी होता हे दाखवणारे संदेश जपून ठेवा.

मितभाषी:
संदेश आहेत, 'बाकीचे दिवाळीनंतर देतो' असेही त्यांनी लिहिले आहे. तेवढ्याने भागेल का?

कोर्टपायरी:
केवळ त्यांच्यावर विसंबू नका. कलम १८ खालील कबुली लेखी व सहीची लागते आणि ती मुदत संपण्यापूर्वीची असावी लागते. मोबाईलवरील संदेश सही मानायचा की नाही, यावरच युक्तिवाद होत राहील. पूरक पुरावा म्हणून मात्र ते जरूर दाखल करा.

आणखी एक बाब वकिलांच्या कानावर घाला. मूळ तीन वर्षांनंतर दावा दाखल होत असेल, तर मुदतीतून सूट कोणत्या कारणाने मिळते हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ६ प्रमाणे वादपत्रातच नमूद करावे लागते. धनादेशाची तारीख, क्रमांक व रक्कम तिथे स्पष्ट लिहा आणि त्याची प्रमाणित प्रत बँकेकडून आताच मागवून घ्या. पासबुकातल्या नोंदीवर सही दिसत नाही.