युद्धाने सोलापूरला सुगी दिली, की मागावरचे सूत काढून नेले?

मागावरचा :
'दुसऱ्या महायुद्धाने सोलापूरचे भलेच केले. गिरण्या रात्रंदिवस चालल्या, हाताला काम मिळाले आणि तोफेचा आवाजसुद्धा इथे कोणाच्या कानी पडला नाही,' असे परवा येथे एका सदस्याने लिहिले. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

साखर पेठेतल्या आमच्या घरात चार खड्डामाग होते. जून १९४३ मध्ये कापड आणि सूत नियंत्रणाचा आदेश निघाला आणि हातमागवाल्याचे जगणे परवान्याच्या कागदावर आले. गिरणीचे सूत आधी गिरणीच्याच मागांना, गिरणीचे कापड आधी लष्कराला, आणि त्यातून उरेल ते आम्हाला, तेही ज्याची ओळख असेल त्याला. माझी अव्वा, म्हणजे आजी, सांगायची, की कांड्या भरायला सूतच नव्हते म्हणून तिने रहाट भिंतीला टेकवून ठेवला आणि दोन मागांच्या खड्ड्यांत कोंबडीची पिले सोडली. ज्या खड्ड्यात पाय सोडून आजोबा पहाटेपासून धोटा मारत, त्याच खड्ड्यात पिलांना कण्या टाकताना ते पाहत बसत. याला सुगी म्हणायचे असेल, तर तो शब्द आमच्या घरापुरता वापरू नये, एवढीच विनंती आहे.

तिसरी पाळी :
तुमच्या घरचे दुःख मी नाकारत नाही, परंतु सोलापूर म्हणजे केवळ विणकरांचा पूर्व भाग नव्हे. माझे आजोबा 'जुनी मिल' या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर होते. युद्धाच्या काळात त्यांना एकही दिवस बिनकामाचा गेला नाही आणि पगाराबरोबर महागाई भत्ता हातात पडू लागला. त्याच काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारी कारखाना कायद्यातील दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, ती त्यांनी घातलेल्या पायावरच. आमच्या घरातील पहिले मंगळसूत्र युद्धाच्या पैशांतून झाले. हे आजीने मला स्वतः सांगितले आहे, आणि ती खोटे बोलणारी बाई नव्हती.

मंगळवेढेकर :
दोघेही शहरापुरतेच बोलत आहात. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि सगळ्या देशाची नजर आमच्यासारख्या ज्वारीच्या मुलखाकडे वळली. सरकारी खरेदीची माणसे खळ्यावर येऊ लागली. आमच्या भागात आजही म्हातारी माणसे रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात. युद्ध संपून इतकी वर्षे झाली, तरी तो शब्द काही गेला नाही. माझ्या आजीच्या पेटीत काळ्या दोऱ्यात ओवलेले भोकाचे सात पैसे होते. धातू वाचवण्यासाठी सरकारने १९४३ पासून पैशालाच भोक पाडले होते. लहानपणी मी ते बोटात घालून खेळत असे, तेव्हा आजी म्हणायची, 'त्या साली पैशाच्याही पोटात काही नव्हतं बघ.' कंट्रोलची ती लाल मिलो ज्वारी तिने आयुष्यभर विसरली नाही.

पेठेतला :
ताई, मिलो १९७२ च्या दुष्काळातील. युद्धाच्या वेळची नव्हे. आठवणी एकमेकींत मिसळतात, म्हणून तर त्यांच्यावर इतिहास उभा करू नये.

आता मूळ मुद्दा. सुताची गोष्ट निघाली, की शेवटी बोट आमच्याकडेच वळते. माझ्या पणजोबांचे सुताचे दुकान होते. ठरल्या भावाने विकावे तर पुढचा माल त्या भावाने मिळत नसे, आणि न विकावे तर साठेबाज म्हणून खटला. परवाना देणारे कार्यालय, माल अडवणारी गिरणी, लष्कराला आधी माल पाहिजे म्हणणारे सरकार, या सर्वांना सोडून शिव्या मात्र गल्लीतल्या दुकानदाराने खायच्या, हा अन्याय मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि आता मला तो सहन होत नाही.

मागावरचा :
मी व्यापाऱ्याचे नावही घेतले नव्हते. ते तुम्ही ओढवून घेतले आहे. पण आता विषय काढलाच आहे, तर ऐका. आमच्या आजोबांनी तेव्हा एका दुकानात सलग तीन दिवस खेपा घातल्या. 'सूत संपले' हेच उत्तर मिळाले. चौथ्या रात्री त्याच दुकानाच्या मागच्या दाराने सूत मिळाले, भाव मात्र दुप्पट. ते घेण्यासाठी अव्वाच्या पाटल्या गेल्या. तुमच्या घरी मंगळसूत्र झाले असेल, तिसरी पाळी साहेब. आमच्या घरातले सोने त्याच वर्षी बाहेर गेले.

पेठेतला :
दुकान कोणते, ते न सांगता सगळ्या पेठेवर आरोप करणे सोपे आहे. आणि मागच्या दाराने घेणाराही त्या काळ्या बाजाराचा भागीदारच असतो, हे विसरू नका.

मागावरचा :
भुकेल्या पोराचा बाप आणि दुप्पट भावाने विकणारा, हे दोघे एकाच तराजूत घालणार असाल, तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

बार्शी लाइट :
तुमचे सूत संपत नाही म्हणून मध्ये बोलतो. युद्धाची झळ लागली नाही म्हणणाऱ्यांनी डॉ. कोटणीसांना कसे विसरावे? याच गावात जन्मलेला मुलगा १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिकडेच वारला. त्या घरात युद्ध पोहोचलेच होते.

तिसरी पाळी :
डॉ. कोटणीसांविषयी कोणाचेच दुमत नाही, पण प्रश्न गावाच्या पोटापाण्याचा आहे. त्याबाबत मला एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. युद्धातली तेजी टिकली नाही. तीच जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली, हजारो माणसे रस्त्यावर आली आणि १९५० मध्ये केंद्र सरकारला खास त्या एका गिरणीसाठी कायदा करून कारभार हाती घ्यावा लागला. आजोबा ते महिने घरी बसून होते आणि आजीचे ते मंगळसूत्र तेव्हा गहाण पडले. तरीही मी म्हणेन, की ती गिरणी कारभारामुळे बुडाली, युद्धामुळे नव्हे.

मंगळवेढेकर :
मिलोबद्दल चूक झाली, मान्य. आजीने दोन दुष्काळ एकाच तोंडाने सांगितले आणि मी ते एकच समजले. पण भोकाचे पैसे माझ्या हातात आहेत, त्यांवर साल आहे आणि ते साल १९४३ च आहे. शिवाय युद्धासाठी केलेले नियम युद्धाबरोबर संपले नाहीत. १९४६ चा तात्पुरता म्हणवणारा जीवनावश्यक पुरवठ्याचा कायदा आला आणि १९५५ मध्ये तो कायमचा झाला. आमच्या धान्याच्या पोत्यावर बसलेला तो हात तेव्हाचाच आहे.

पेठेतला :
काल रात्री माळ्यावरून पणजोबांची १९४४ ची वही काढली. मोडी मला पूर्ण येत नाही, म्हणून काकांना बसवून वाचून घेतली. तुमच्या पेठेतील नावांपुढे सूत कमी आणि बाहेरगावच्या नावांपुढे जास्त दिसते. हे मला लिहावेसे वाटत नव्हते, पण वही खोटी पाडता येत नाही. भाव मात्र प्रत्येक ओळीत परवान्याचाच आहे.

मागावरचा :
वही काढलीत, त्याबद्दल आभार. परंतु वहीत परवान्याचाच भाव असणार. वरचे पैसे त्या रात्री हातोहात दिले होते आणि अव्वाच्या पाटल्यांची नोंद कोणत्याही वहीत झालेली नाही.