मेकॅनिझम सोडू नका
एकाने विचारलंय की बायोकेमिस्ट्री पाठांतरावर निघते, मग ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या मेकॅनिझममध्ये (अभिक्रियेत बंध कसे तुटतात-जुळतात त्या पायऱ्यांमध्ये) वेळ कशाला घालवायचा? माझं मत अगदी उलट आहे. ग्लायकोलिसिसची, म्हणजे पेशीत ग्लुकोज तोडण्याच्या प्रक्रियेची, चौथी पायरीच घ्या. फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट या सहा कार्बनच्या साखरेचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. ही ऑरगॅनिकमधली, दोन रेणू कार्बन-कार्बन बंधाने जोडणारी अल्डॉल अभिक्रियाच, फक्त उलट्या दिशेने! आपल्या स्नायूंतल्या अल्डोलेज या एन्झाइममधला लायसिन (एक अमिनो आम्ल) साखरेच्या कीटोन गटाशी जोडला जाऊन इमिन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) बनतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या कार्बनमधला बंध सहज तुटतो. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे बाण वहीत स्वतः काढा, नुसते वाचू नका. बाण इलेक्ट्रॉन असतील तिथून निघतो, हायड्रोजनपासून नाही. बरेच जण इथेच अडकतात. स्टिरिओकेमिस्ट्रीसाठी (रेणूतल्या अणूंची त्रिमितीय मांडणी) मात्र हातात रेणू जोडून बघायचा मॉडेल किट हवाच, कागदावर ती डोक्यात शिरत नाही.