जुनी डिझेल गाडी, टर्बोचा दम कमी. ८ हजारांत काय तपासावं?

वारजे_नाका
नमस्कार. दीड महिन्यापूर्वी २०१४ ची सात सीटर डिझेल घेतली. १२४८ सीसी, व्हीजीटी टर्बो (आतल्या पाकळ्या हलवून इंजिनात हवा कोंबणारा), १ लाख १८ हजार किमी. शहरात काही जाणवलं नाही. रविवारी घरच्या सहा जणांना घेऊन दिवे घाट चढताना तिसरा गिअर ओढेचना, दुसऱ्यावर यावं लागलं. २५०० आरपीएमपर्यंत गाडीत जीव नाही, पुढे जरा येतो. जोर दिला की बॉनेटमधून फुस्स आवाज. चेक इंजिनचा दिवा एकदा लागून गेला, गाडीचे कोड वाचणारा डोंगल लावून पाहिला तर कोड पी०२९९. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवे टाकलेत. बजेट ८ हजार, त्यापुढे खरंच शक्य नाही. गणपतीला आईला घेऊन ताम्हिणीतून गावी जायचंय.

डिझेलभक्त
टर्बो गेला. माझाही असाच गेला होता. ३८ हजार मोजून नवा बसवला, चार वर्षं झाली, खंबाटकी चौथ्यात चढतो. जुन्यावर पैसे घालू नका.

नाना_पेठ_फेरी
नवा कशाला? मी आतलं काट्रिज (टर्बोचा फिरणारा गाभा) बदलून घेतलं, १४ हजारांत काम झालं. फक्त जुन्या बाजारातून टर्बो उचलू नका. मी एका रविवारी उचलला होता. शाफ्ट हलत होता ते दिसलंच नाही, तीन आठवड्यांत निळा धूर.

वारजे_नाका
८ हजार म्हटलंय हो.

पेट्रोलच_बरी
डिझेल घेतलीच का? दहा वर्षं झाली की बंद.

घाटवाट
अवांतर: दहा वर्षांची अट दिल्ली-एनसीआरची. आपल्याकडे १५ वर्षांनी फिटनेस करून पुन्हा नोंदणी होते. ही अफवा ऐकून माझ्या काकांनी धडधाकट गाडी मातीमोल विकली. कृपया पसरवू नका.

चिंचवडची_लेक
मी टर्बोच्या टेस्ट बेंचवर काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पी०२९९ म्हणजे ईसीयूने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने, मागितला तेवढा बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मिळाला नाही, एवढंच. टर्बो मेला असं तो कोड सांगत नाही.

डोंगल आहेच, तर इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करा आणि मॅपचं (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाच्या सेन्सरचं) रीडिंग बघा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे ९४-९५ किलोपास्कल दिसायला हवं. १०१ दिसत नाही म्हणून सेन्सर बदलणारे मी पाहिलेत, १०१ समुद्रसपाटीला. मग मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि शेजारच्याला आकडे लिहायला सांगा, चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही.

खाली दम नाही आणि वर थोडा येतो, याचा अर्थ बहुधा टर्बोच्या पाकळ्या मिटतच नाहीत. पाकळ्या हलवणारा तुमचा अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवरचा असेल तर इंजिन चालू करताच त्याचा दांडा ओढला जायला हवा आणि बंद केल्यावर परत यायला हवा. नसेल हलत तर आधी व्हॅक्यूमचा बारीक रबरी पाइप तपासा. गरमीने टोकाशी चिरतो, मीटरच्या मापाने मिळतो, शंभराच्या आत. पाइप ठीक असेल तर सोलेनॉइड, म्हणजे व्हॅक्यूम कमीजास्त करणारा विजेचा व्हॉल्व्ह. दांडा हाताने ओढूनही अडकत असेल तरच काजळी धरलीय म्हणायचं.

मुळाकाठ
डिझेलभक्त म्हणतात तेच. टर्बो.

डिझेलभक्त
धन्यवाद. गाडी बंद करण्याआधी अर्धा मिनिट आयडल ठेवायची सवय लावा, माझा नवा टर्बो त्यावरच टिकलाय.

घाटवाट
फुस्स आवाज विसरू नका. माझ्या गाडीत इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारा) होज, म्हणजे रबरी पाइप, खालच्या बाजूने फाटला होता, वरून दिसतच नव्हता. हात फिरवल्यावर बोटांना तेलकट काजळी लागली. पातळ तेलाचा थर मात्र आत असतोच, इंजिनाच्या ब्रीदर नळीतून येतं. त्यावरून कोणी टर्बो काढायला लावला तर काढू नका.

वारजे_नाका
काल रात्री बोगदा ओलांडून कात्रजच्या जुन्या घाटात जाऊन आलो. चावी ऑनला ९५. तिसऱ्यात २००० ला १२४, ३००० ला १६३. सकाळी दांडा पाहिला: हलतो, पण अर्धाच.

चिंचवडची_लेक
निरोगी गाडी २००० च्या आसपासच २०० च्या जवळ जायला हवी. अर्धाच हलतो म्हणजे व्हॅक्यूम गळतंय किंवा पाकळ्या जड झाल्यात. व्हॅक्यूमचा हातपंप लावून बघा: दांडा पूर्ण गेला आणि व्हॅक्यूम टिकला तर दोष पाइप-सोलेनॉइडकडे, पूर्ण गेलाच नाही तर टर्बोकडे.

नाना_पेठ_फेरी
काट्रिज. परत सांगतो, १४ हजार.

वारजे_नाका
सगळ्यांचे मनापासून आभार. सिंहगड रोडला वडिलांच्या ओळखीचे मेकॅनिक काका आहेत, आमची आधीची गाडी त्यांनी १७ वर्षं सांभाळली. त्यांचं म्हणणं, आवाज येतोय तर आधी होज आणि इंटरकूलर बाहेर काढायचा, धुऊन बसवायचा. मजुरीसह साडेतीन हजार. टर्बो आणि व्हॅक्यूमला सध्या हात लावायचा नाही. मी त्यांचंच ऐकतोय, शनिवारी गाडी देतोय.

चिंचवडची_लेक
अहो, हातपंपाची तपासणी पाच मिनिटांची आहे, ती आधी करा ना. काकांकडे पंप नसेल तर मी शनिवारी सकाळी आणून देते, नऱ्ह्याला माहेरी येणारच आहे.

घाटवाट
इंटरकूलर काढलाच तर होजच्या ओ-रिंग नव्या टाका. जुन्या परत बसवल्या की आठवड्यात पुन्हा फुस्स.