बंडखोर, हुतात्मा की माथेफिरू?

आई-बाबांना अमेरिकेतल्या हार्पर्स फेरी गावी नेलं होतं. १८५९च्या ऑक्टोबरात जॉन ब्राऊन जिथे कोंडला गेला तो विटांचा बंबखाना आईला फार आवडला. फोटोखाली मराठीत दोन ओळी लिही म्हणाली आणि मी पहिल्याच शब्दाला अडलो. गुलामांच्या हाती शस्त्रं देऊन उठाव करायला निघालेल्या या गोऱ्या माणसाला काय म्हणायचं? 'हुतात्मा' म्हणावं, तर १८५६ मध्ये कॅन्ससात रात्री पाच जणांना घरातून ओढून बाहेर काढून तलवारींनी मारलं, त्याचं काय?

— 'बंडखोर' लिहा. '-खोर' हा फारसी प्रत्यय खाणाऱ्याचा: लाचखोर, चुगलखोर, हरामखोर. बहुतेक ठिकाणी शिवीच. बंडखोर कवीच्या अंगावर मात्र शोभून दिसतो.

— आणि तिकीट कापलेल्या उमेदवाराच्याही! निवडणुकांनी त्या शब्दाची पार रया घालवली. 'माथेफिरू' तर नकोच. खटल्यात त्याच्या वकिलांनी वेडाचा मुद्दा काढला, तो ब्राऊननेच झिडकारला होता.

— जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेत अमेरिकेतल्या गुलाममुक्तीवाल्यांना 'सदाचारी लोक' म्हटलंय. ब्राऊन त्यात बसतो का? फ्रेडरिक डग्लस हा गुलामीविरोधी कृष्णवर्णीय नेता स्वतः गुलामीतून पळालेला, तरी हार्पर्स फेरीच्या उठावाच्या बेतात गेला नाही. पुढे १८८१ मध्ये त्याच गावात उभं राहून ब्राऊनचा गौरव मात्र केला.

— नामांवर काय भांडताय, क्रियापदं बघा की. 'फासावर चढला' म्हटलं की भगतसिंग आठवतात. 'फाशी दिली' हे कोर्टाचं मराठी. आणि ते पाच जण? मूळ प्रश्नात तुम्ही नुसतं 'मारलं' लिहिलंत, कुणी ते गाळून. हेवर्ड शेफर्डचंही असंच होतं. स्टेशनावर सामान हाताळणारा हा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस हार्पर्स फेरीतला पहिला मृत, ब्राऊनच्याच माणसांच्या गोळीने. त्याच्यापुढे 'बळी गेला' लिहून बघा. कुणाला दिला बळी?

— पकडलंत! आता असं लिहिलंय: 'गुलामांना सोडवायला निघालेला जॉन ब्राऊन. १८५६ मध्ये त्याच्या टोळीने पाच जणांना ठार केलं. २ डिसेंबर १८५९ रोजी त्याला फाशी दिली.' आईला 'टोळी' पटलेली नाही, 'साथीदार' कर म्हणते.