घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवली तर पेट्रोल जास्त जातं का?

बाईक १५० सीसी, बीएस-६, एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्ब्युरेटर नाही). महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला बऱ्याचदा उतरणं होतं. थ्रॉटल पूर्ण सोडून तिसरा गिअर, आखूड वळणाला दुसरा. ब्रेक फार लागत नाही, गाडी ताब्यात राहते.

मामांना हे पटत नाही. "इंजिन ओरडतंय म्हणजे पेट्रोल पितंय, न्यूट्रल कर नि सोड." त्यांची हयात कार्ब्युरेटरच्या गाडीवर गेली, त्यामुळे नुसतं 'तसं नसतं' म्हणून भागत नाही.

मला माहीत आहे ते एवढं: एफआयमध्ये थ्रॉटल बंद आणि आरपीएम आयडलच्या (थ्रॉटल न देता उभ्या गाडीच्या) बराच वर असेल, तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बंद ठेवतो. इंजिन फिरतं ते मागच्या चाकाच्या जोरावर. न्यूट्रलला मात्र आयडलिंगचं पेट्रोल जातंच. मग कार्ब्युरेटरच्या बाबतीत मामा बरोबर का? आणि सिग्नलला थांबताना एकेक गिअर उतरवत आलो तर काही वाचतं, की उगाच क्लच झिजतो? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
एफआयचं बरोबर आहे. कार्ब्युरेटरला इंजेक्टर नाही, त्यामुळे थ्रॉटल बंद असलं तरी इंजिनची ओढ पायलट जेटमधून (आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) पेट्रोल खेचत राहते, आरपीएम चढा असेल तर आयडलपेक्षा जास्तच. म्हणजे पेट्रोलपुरते मामा बरोबर. पण आंबेनळीत न्यूट्रल? सगळा भार ब्रेकवर. डिस्क तापून ब्रेक ऑइल उकळलं की लिव्हर पार हँडलला टेकतो. ड्रमही तापला की धरत नाही. चार थेंबांसाठी हा सौदा नको.

प्रतिसाद २
सिग्नल लांबून लाल दिसला तर आहे त्याच गिअरवर थ्रॉटल सोडून या, बचत तिथे आहे. गिअर पाडताना क्लच दाबला की आरपीएम खाली येतो, इंजेक्टर पुन्हा सुरू होतो. वर थ्रॉटलची चिमूट दिलीत तर तेवढं पेट्रोल गेलंच. थांबायचंच असेल तर ब्रेक वापरा. पॅड स्वस्त, क्लच प्लेटा महाग. सौम्य उतारावर खालचा गिअर नको, गाडी अडते नि पुन्हा थ्रॉटल द्यावं लागतं.

ओल्या रस्त्यावर दुसऱ्यावर टाकून क्लच झटकन सोडू नका, मागचं चाक सरकतं. आणि नुसत्या इंजिनने वेग कमी केला तर ब्रेक लाइट लागत नाही. मागे एसटी असेल तर लिव्हर जरासा दाबून लाइट दाखवा.