‘निष्ठेने शिकवणे’ की ‘विश्वासूपणे’?

कोरीपाटी: चर्चच्या कार्यावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. वाक्य साधं आहे. चर्चची कामं तीन: सुवार्ता सांगणे, बाप्तिस्मा देणे आणि ‘फेथफुली’ शिकवणे. शेवटच्यापाशी अडलेय. ‘निष्ठेने’ लिहिलं तर शिकवणाऱ्याची चिकाटी दिसते. मला हवंय शिकवणीत भेसळ न करणं. संपादक ‘विश्वासूपणे’ म्हणतात. तो शब्द मला घरगड्याच्या शिफारसपत्रातला वाटतो.

शब्दवेडा: ‘विश्वासूपणे’ रुळलेला आहे, ठेवा. आधी तो ‘बाप्तिस्मा’ काढा. ‘स्नानसंस्कार’ असताना ग्रीक कशाला?

उंबरठा: ‘स्नानसंस्कार’ कॅथलिकांच्या तोंडी, ‘बाप्तिस्मा’ प्रॉटेस्टंटांच्या. ज्याची पुस्तिका त्याचा शब्द. आमची आजी सांगायची, ‘बापाच्या नावाने देतात म्हणून बाप्तिस्मा’. लहानपणी पूर्ण पटलं होतं. अजूनही थोडं पटतं.

मूळपुरुष: आजींना नमस्कार, पण मूळ ग्रीक ‘बाप्तिझो’, म्हणजे बुडवणे. ‘स्नान’सुद्धा पातळच. १८३० च्या दशकात बाप्टिस्ट (पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देणारा प्रॉटेस्टंट पंथ) भाषांतरकारांनी बंगाली बायबलमध्ये सरळ बुडवण्याच्या अर्थाचा शब्द घातला, तर ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने मदत नाकारली. अमेरिकेत याच वादातून बाप्टिस्टांनी वेगळी सोसायटीच काढली. एका क्रियापदापायी!

उंबरठा: बुडवणेच कशावरून? बायबलमधलं लूक ११:३८ बघा. येशू जेवणाआधी धुतल्याशिवाय बसला म्हणून परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, चकित होतो. तिथे हेच क्रियापद आहे. जेवायच्या आधी कोण बुडी मारतं? ‘डिडाखे’ या सुरुवातीच्या ख्रिस्ती शिकवणीच्या पुस्तिकेतही पुरेसं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओतायची मुभा आहे.

शब्दवेडा: म्हणजे ‘जलसंस्कार’!

उंबरठा: हे तुमच्याशिवाय कोण म्हणतं?

कोरीपाटी: मंडळी, ‘फेथफुली’...

मूळपुरुष: हो हो. मत्तय २८:१९-२० मध्ये ग्रीकात आज्ञार्थ एकच आहे, ‘शिष्य करा’. बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही त्याला जोडलेली धातुसाधितं. तेव्हा तुमची तीन सारख्या कामांची यादीच मुळाला धरून नाही. शिवाय तिथे शिकवायचंय ते आज्ञा पाळायला, नुसतं ऐकवायला नाही. मी ‘मूळ न बदलता’ लिहीन.

शब्दवेडा: ‘खरी नक्कल’ असा शिक्काही मारा खाली.

कोरीपाटी: यादी माझी नाही हो, मूळ लेखकाची आहे. ‘मिळालेली शिकवण जपून शिकवणे’ कसं वाटतं?

उंबरठा: बरंय. पण ‘जपून’मध्ये ‘जपून बोल’ही ऐकू येतं, भीत भीत शिकवल्यासारखं. आणि ‘मिशन’ला काय लिहिलंत? लॅटिनमधल्या ‘पाठवणे’वरून आलाय तो. आपला ‘प्रेषित’ म्हणजेही पाठवलेलाच. मग ‘प्रेषणकार्य’?

शब्दवेडा: प्रेषण म्हटलं की मला मनीऑर्डर आठवते. ‘मिशन’च राहू द्या.

उंबरठा: अरेच्चा! ग्रीक नको आणि लॅटिन चालतं?