लक्षद्वीपच्या लगूनमध्ये पाण्यावरचे व्हिला नकोत

खारावारा (धागाकर्ता)

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले, आणि लक्षद्वीपच्या सहलींची चौकशी एकदम वाढली. त्याआधी २०२३ मध्ये तिथल्या सुहेली आणि कदमत या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची रिसॉर्ट्स जाहीर झाली होती. त्यातले सुहेलीचे ५० आणि कदमतचे ३५ व्हिला पाण्यावरचे, म्हणजे लगूनच्या (बेटालगतच्या, प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या उथळ पाण्याच्या) तळात खांब रोवून उभे करायचे. "आता मालदीवला जायला नको" असं म्हणत अनेकांनी याचं स्वागत केलं. पर्यटनाला माझा विरोध नाही. पण ते जमिनीवर व्हावं, लगूनमध्ये एकही खांब नको.

कारण रिकामं दिसणारं ते निळं पाणी बेटावरच्या लोकांचं शेत आहे. लक्षद्वीपची मुख्य मासेमारी कुप्याची, म्हणजे ट्यूनाची, आणि तीही गळ-काठीने. तिची सुरुवात लगूनमध्ये होते. आधी बोट प्रवाळाच्या ढिगांजवळ बारीक जाळं टाकून बोटभर लांबीची चंदेरी मासळी जिवंत पकडते. ती बोटीतल्या टाकीत ठेवतात. टाकीच्या तळाला भोकं असतात, त्यातून समुद्राचं पाणी सतत खेळतं. बाहेर खोल समुद्रात कुप्याचा थवा दिसला की हे जिवंत आमिष मूठमूठ फेकायचं आणि पाण्यावर फवारे मारायचे. कुप्याला वाटतं वर मासळी उसळते आहे, आणि तो बिनकाट्याच्या गळावर तुटून पडतो. गळाला उलटा काटा नसल्यामुळे काठी मागे झटकली की मासा डेकवर सुटून पडतो, हाताने सोडवावा लागत नाही. सगळा वेग त्यात आहे.

आमिष मिळालं नाही तर बोट त्या दिवशी बाहेर पडत नाही. डिझेल आहे, माणसं आहेत, कुपाही आहे, तरी धंदा शून्य. आणि ही आमिषाची मासळी उथळ, स्वच्छ, प्रवाळ आणि वाळू दोन्ही असलेल्या जागीच राहते. व्हिलांनाही नेमकी तीच जागा हवी.

"सुहेली तर निर्जन आहे" हे उत्तर कुणी देऊ नये. तिथे कायमची वस्ती नाही, पण कवरत्ती बेटाचे मच्छीमार हंगामात तिथे तळ ठोकतात, कुपा उकडून, धुरी देऊन, वाळवून त्याचा 'मास' करतात.

तांबडा_समुद्र

आमिषाचं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही.

सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या वर. तिथे दुर्मीळ काय आहे? जमीन. तुम्ही म्हणता तसं सगळं जमिनीवर आणायचं तर माड तोडावे लागतील आणि किनाऱ्याची झुडपं काढावी लागतील. किनारा उघडा पडला की धूप वाढते. बंगारमच्या कंकणद्वीपातलं (प्रवाळाच्या कड्यावरच्या बेटांच्या समूहातलं) परळी-१ हे छोटं बेट झिजून पूर्ण पाण्याखाली गेलं, हे विसरू नका.

दुसरं, प्रवाळ कशाने मेलं ते बघा. १९९८, २०१०, २०१६, २०२४ : चारही वेळा पाणी तापलं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभराने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आपल्याला अन्न पुरवणारं पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि उपाशी मरतं. तेव्हा लगूनमध्ये एकही व्हिला नव्हता. समुद्री गवताचंही तसंच. अगत्तीच्या लगूनमधली गवताची कुरणं हिरव्या कासवांनी चरून संपवली, आणि मासे घटले म्हणून मच्छीमारांचा राग कासवांवर निघाला. आमिष कमी होण्याला बरीच कारणं आहेत, सगळं खांबांवर ढकलू नका.

आणि थोडे पण जास्त पैसे देणारे पाहुणे हे गर्दीपेक्षा नेहमी बरे. फिलिपिन्समधलं बोराकाय २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवावं लागलं ते स्वस्त, बेसुमार बांधकाम आणि समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यामुळे. थायलंडची माया बे त्याच वर्षी बंद झाली ती रोजच्या सहलींच्या बोटींमुळे. पाण्यावरच्या व्हिलांनी त्यातलं काहीही घडवलेलं नाही.

नळजोडणी

दोघेही मुद्द्याच्या भोवती फिरता आहात. खरा प्रश्न येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचा आहे.

प्रवाळ बेटावर नदी नाही, तळं नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर १ सेंमी गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० सेंमी, हे कागदावरचं गणित. लहान बेटावर भरती-ओहोटीने मिसळण होते, त्यामुळे प्रत्यक्षात थर त्याहून पातळ असतो. वर पंपाने पाणी ओढलं की खालून खारं पाणी शंकूसारखं वर चढतं, आणि एकदा विहीर खारावली की ती सुधारायला पावसाळे जावे लागतात.

म्हणून रिसॉर्टला समुद्राचं पाणी गोडं करावंच लागणार. हिशेब करू. खोलीमागे दिवसाला ५०० लिटर धरा, आलिशान व्हिलाला हे जास्त नाही. ११० खोल्यांना ५५ हजार लिटर. कवरत्तीचा २००५ चा प्रकल्प, जो वरचं गरम पाणी कमी दाबाखाली उकळवून खोलातल्या थंड पाण्याने वाफ थिजवतो, तो सगळ्या बेटाला दिवसाला १ लाख लिटर देण्यासाठी उभारलेला. म्हणजे एक रिसॉर्ट त्याच्या निम्म्याहून जास्त पाणी पिणार.

आरओने (दाबाने पडद्यातून पाणी गाळून) केलं तर ४० टक्के पाणी गोडं होऊन बाहेर पडतं असं धरा. ५५ हजारांसाठी सुमारे १ लाख ३७ हजार लिटर आत घ्यायचं, आणि ८२ हजार लिटर दीडपटीहून जास्त खारट पाणी परत टाकायचं. ते जड असतं, तळाला बसतं. ते लगूनमध्ये सोडलं तर तळाचं प्रवाळ आणि गवत त्यात बुडून राहतं. पाइप रीफच्या (प्रवाळाच्या कड्याच्या) बाहेर, खोल उतारापर्यंत नेलाच पाहिजे, आणि पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या लाटांत तोच पाइप आधी तुटतो. वीज हजार लिटरला ४ युनिट धरली तर रोज २२० युनिट, म्हणजे जनरेटरवर साठ-पासष्ट लिटर डिझेल, तेही मुख्य भूमीवरून आणलेलं.

मैल्याचं तर त्याहून अवघड. पाण्यावरच्या व्हिलाचं सांडपाणी जेट्टीखालच्या पाइपने पंप करून किनाऱ्यावर आणावं लागतं. सांधे खाऱ्या हवेत गंजतात. वीज गेली आणि टाकी भरली की ओसंडणारं सगळं थेट लगूनमध्ये. जमिनीवरच्या टाकीला निदान खाली वाळू असते. नायट्रोजन आणि फॉस्फरस काढणारी प्रक्रिया नसेल तर "शुद्ध केलेलं" पाणीसुद्धा शेवाळाला खत आहे. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत लगूनचं पाणी कमी खेळतं, तेव्हा हे जास्त जाणवतं.

तांबडा_समुद्र

@नळजोडणी, हे आकडे जमिनीवरच्या खोल्यांनाही तंतोतंत लागू होतात. मग विरोध पाण्यावरच्या व्हिलालाच का? प्रत्येक जेट्टीला दुहेरी पाइप, गळतीचा सेन्सर, चोवीस तास पुरेल अशी राखीव टाकी, हे सगळं करता येतं. बांधकामात खांब ठोकण्याऐवजी भोक पाडून बसवायचे, भोवती गाळ अडवणारा पडदा लावायचा, आणि सावली पडू नये म्हणून डेकला फळ्यांऐवजी जाळी.

खारावारा

गाळाचा पडदा संथ पाण्यात चालतो. पाण्याचा वेग एक-दीड नॉटच्या (ताशी दोन-तीन किलोमीटरच्या) वर गेला की तो उचलला जातो आणि खालून गाळ निसटतो. लगूनच्या चॅनेलजवळ (पाणी आणि बोटी ये-जा करतात त्या खोल वाटेजवळ) ओहोटीला हा वेग सहज मिळतो. प्रवाळाची भुकटी पिठासारखी असते, लवकर बसत नाही. आणि खांबांहून मोठं नुकसान बोटींच्या वाटेचं: पाहुणे व सामान व्हिलापर्यंत आणायला तळ खणून चॅनेल खोल करतात, तो पुन्हा भरतो, पुन्हा खणतात.

तापमानाचा मुद्दा मान्य. पण म्हणूनच बाकीचा त्रास कमी ठेवायचा. पोपटमासा शेवाळ खरवडून काढतो, त्या उघड्या जागेवर प्रवाळाचं पिल्लू बसतं. सांडपाण्याने शेवाळ माजलं तर पोपटमासा पुरा पडत नाही, आणि २०२४ मध्ये मेलेला रीफ मेलेलाच राहतो.

पागोळी

होमस्टेची बाजू कुणीच घेतली नाही, म्हणून सांगते. मालदीवमध्ये १९७२ पासून रिसॉर्टला स्वतंत्र बेट अशी पद्धत होती. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसना वाट मिळाली, आणि पैसे गावात पोचू लागले. कमाईच्या दृष्टीने तोच मार्ग बरा.

पण होमस्टे म्हणजे निष्पाप, असंही नाही. वस्तीच्या बेटावर शोषखड्डा आणि विहीर काही पावलांवर असतात, वाळू गाळणीचं काम फार कमी करते. दहा पाहुणे वाढले की त्याच विहिरीत दहा जणांचं जास्त जातं. रीफवरचा त्रासही रोजचा आहे. आपल्या मालवणला स्नॉर्केलिंगच्या बोटींनी वर्षानुवर्षं केलं तेच इथे होईल: नांगर प्रवाळावर टाकायचा आणि पोहता न येणाऱ्या माणसाला खडकावर उभं करायचं. उपाय महाग नाही. वाळूच्या तळात काँक्रीटचा ठोकळा किंवा स्क्रूचा नांगर, वर बोया, मधला दोर तरंगणारा असावा म्हणजे तळाला घासत नाही. बोट बोयाला बांधायची. पाहुण्याला लाइफ जॅकेट आणि धरायला तरंगती रिंग. सनस्क्रीन पोहताना नको, लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला. थायलंडने २०२१ मध्ये आपल्या सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोन वगैरे रसायनांच्या क्रीमवर बंदी घातली, ती योग्यच आहे.

तांबडा_समुद्र

बरं, एक अट मी मान्य करतो. खांब रोवण्याआधी एक पूर्ण वर्ष आमिषाच्या जागांचा नकाशा करा, मच्छीमारांकडूनच. जिथे जाळं पडतं तिथे व्हिला नाही. मग तरी विरोध राहील का?

खारावारा

नकाशा सगळ्या हंगामाचा हवा, पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत. मासळी एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकते, एका महिन्यात पाहिलेली रिकामी जागा पुढच्या महिन्यात रिकामी नसते. शिवाय जाळ्याच्या जागेइतकीच तिथे पोचण्याची बोटीची वाट आणि पहाटेचा अंधारही नकाशात घाला. काही ठिकाणी दिव्याच्या उजेडाने मासळी गोळा करतात, व्हिलांचे दिवे रात्रभर जळत राहिले तर ती विखुरते. हे सगळं वगळून कदमतमध्ये ३५ व्हिलांना जागा उरते का, हे आधी कागदावर दाखवा. उरली, तर त्यावर बोलू.